अर्धा वाटा

मखमलाबादकडच्या पंगतीत माणूस कुठे बसला यावरून तो कोण, हे ठरतं. जावळाचं जेवण असलं की मोठा मांडव बोकडाचा. कडेला, पाण्याच्या टाकीशेजारी, एक आखूड पट्टी अंथरलेली असते, ती माळकऱ्यांची. तिथे जाऊन बसा असं कोणी कोणाला सांगत नाही. गळ्यात तुळशीची माळ असली की पाय आपोआप तिकडे वळतात. तिथला वाढपी वेगळा, त्याची बादली वेगळी, आणि रश्श्याची बादली घेतलेल्या एखाद्याने चुकून तिकडे पाऊल टाकलंच, तर चार म्हातारे एकदम खाकरतात.

कुसाबाईंचा महेश वैशाखातल्या एका जावळात बायकोला घेऊन सरळ त्या पट्टीवर जाऊन बसला.

जावळ होतं मालनबाईंच्या नातवाचं. मालनबाई म्हणजे कुसाबाईंची थोरली चुलत जाऊ, केरूनानांची बायको. भावकीतल्या अकरा घरांपैकी कुठल्याही घरात दूध नासलं तर पहिला वास त्यांना येतो. त्यांनी भाकरीचं टोपलं कंबरेवर टेकवलं, पट्टीकडे पाहिलं, मग कुसाबाईंकडे पाहिलं.

"कुसे, महेशनं माळ घातली?"

कुसाबाईंच्या तोंडात त्या वेळी मटणातली नळी होती. नळी ओढताना माणसाला बोलता येत नाही, मान तेवढी हलवता येते. त्यांनी ती हलवली. हललीही अशी, की हो म्हणावं तर हो आणि नाही म्हणावं तर नाही. पण मालनबाईंना एवढं फार झालं. कुसाबाईंची नळी संपेपर्यंत बातमी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती, आणि तिथे केरूनानांनी जेवता जेवता डाव्या हाताने डोळे पुसले होते.

खरं कारण वेगळं होतं आणि ते कुसाबाईंना सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणजे गुपित होतं असं नाही. सांगायचं कसं, हेच त्यांना कळत नव्हतं.

त्यांची सून निकिता द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला होती. परदेशातले घेणारे आता नुसता मणी केवढा आणि गोडी किती एवढ्यावर थांबत नाहीत. एका किलोला पाणी किती लागलं, डिझेल किती जळलं, हेही विचारतात. निकिता दिवसभर हे हिशोब मांडायची आणि घरी आली की तिला ती सवय चपलांबरोबर दारात काढून ठेवता यायची नाही. गेल्या मार्चमध्ये ऐन काढणीला गारा पडल्या, त्यांच्या मळ्यातले घड जमिनीला टेकले. त्या रात्री जेवताना ती ताटातल्या कोंबडीकडे बघत म्हणाली, की द्राक्षाला पाण्याचा हिशोब लागतो तर हिला का नाही? ही जी मका खाऊन वाढली, त्या मक्याला पाणी लागलंच की.

मग ठरलं. मटण-कोंबडी महिन्यातून एकदा, एका रविवारी. महेशने आढेवेढे घेतले, पण नवं लग्न होतं, आणि नव्या लग्नात माणूस कशाचीही शपथ घेतो.

कुसाबाईंनी आधी यावर तोंडसुख घेतलं. आमच्या बांधावरचं बोकड फुकटचा पाला खातं, त्याने तुझ्या आभाळाचं काय वाकडं केलं, असं त्यांनी विचारलं. निकिता म्हणाली, की बांधावरच्या बोकडाशी तिचं भांडण नव्हतंच. ते वर्षातून एकदा कापतात. भांडण होतं ते बुधवारच्या, शुक्रवारच्या आणि फोनवरून मागवलेल्या रविवारच्या कोंबडीशी. कुसाबाईंना उत्तर सुचलं नाही म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. उत्तर सुचलं नाही की त्या चहा ठेवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चहा उकळताना मात्र त्यांच्या डोक्यात आकडेमोड चालू झाली. त्यांचं माहेर वणीकडचं. माहेरी मटण व्हायचं ते धुळवडीला, आखाडात, जत्रेला, आणि जावई आला तर. जावई हुशार असला तर सारखा यायचा, पण ते वेगळं. तेव्हा एकदा खाल्लेल्या रश्श्याची आठवण महिनाभर पुरायची. आता परवा काय खाल्लं ते आज आठवत नव्हतं. म्हणजे सुनेने नवीन काही आणलंच नव्हतं. फरक एवढाच, की तेव्हा कोणी 'कमी खातो' म्हणत नव्हतं. नव्हतंच, म्हणून खात नव्हते.

हे सगळं नळी तोंडात असताना मालनबाईंना कसं सांगणार?

आपल्याकडे दोनच गोष्टींना मान आहे, धरण्याला आणि सोडण्याला. ज्याने दारू सोडली त्याला पहिल्या रांगेत बसवतात. ज्याने दारू कमी केली त्याला कोण विचारतं? उलट चार जण हसतात. मटण सोडणाऱ्यासाठी माळ आहे, पट्टी आहे, वेगळी बादली आहे. कमी करणाऱ्यासाठी काहीच नाही, ना मुहूर्त, ना नाव. अशा माणसाने बसायचं कुठे? महेश बसला माळकऱ्यांत आणि माळकरी झाला.

आता तो निस्तरत बसला होता. केरूनाना त्याला 'महाराज' म्हणू लागले. भावकीतले जुने माळकरी म्हणजे नानांचे वडील. ते गेल्यापासून त्या पट्टीवर आपल्या भावकीचं माणूस नाही, ही खंत नाना बोलून दाखवायचे. ती महेशने भरून काढली होती. महेश शर्टाचं वरचं बटण लावून फिरायचा, उन्हाळ्यातसुद्धा. ठरलेल्या रविवारी खिडक्या लावून मटण शिजायचं आणि काळ्या मसाल्याचा वास गल्लीत जाऊ नये म्हणून कुसाबाई ऊदबत्त्या पेटवायच्या. त्यामुळे शेजारी समजायचे, की आत भजन चाललंय. महेश दर वेळी म्हणायचा, आई, सांगून टाक. कुसाबाई म्हणायच्या, सांगते रे, आखाड जाऊ दे.

आखाड गेला नाही, आखाड आला. आणि आखाडाबरोबर केरूनाना आले.

मळ्याच्या कडेला म्हसोबा आहे. आषाढात त्याला भावकीचं एक बोकड पडतं. डोकं, पाय आणि आतलं सगळं देवाच्या पातेल्यात जातं, ते तिथेच सगळ्यांनी मिळून खायचं आणि तिथेच संपवायचं. बाकीच्या मटणाचे घराप्रमाणे वाटे होतात, अकरा घरांचे अकरा. नानांनी सांगितलं, की हरसूलच्या बाजारातून बोकड ठरवून आलोय, चांगलं दांडगं आहे. यंदा दहाच वाटे करायचे, त्यामुळे सगळ्यांना भरपूर येईल.

"दहा?" कुसाबाईंनी विचारलं.

"मग? माळकऱ्याच्या घरी वाटा पाठवून पाप घेऊ व्हय?" नाना हसून म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

कुसाबाई कप हातात धरून तशाच बसल्या. मटण गेल्याचं त्यांना काही नव्हतं. पण वाटा गेला होता, आणि वाटा म्हणजे मटण नव्हे, हे त्या भावकीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

महेश दहावीत असताना त्याचे वडील, रंगनाथ, गेले. त्या आखाडात वाटे पडताना कोणीतरी हळूच म्हणालं होतं, की आता त्या घरात बाई आणि एक पोर, त्यांना कशाला पूर्ण वाटा? अर्धा दिला तरी चालेल. तेव्हा केरूनानांनी अकरावं पान इतरांएवढंच भरलं होतं आणि म्हणाले होते, की रंगनाथचं घर अजून उभं आहे. अर्धं घर कुठे उभं राहतं का? तो वाटा कुसाबाईंनी घरी नेला, शिजवला, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःला एक घास गेला नव्हता. पण त्यानंतर बांधाच्या भांडणात, लग्नाच्या बोलणीत, विहिरीच्या पाळीत कोणी त्यांचं घर मोजायचं विसरलं नाही. आणि भावकीत वाटा दोनच तऱ्हांनी सुटतो. एक, माळ घातली तर. दुसरं, भांडून बाहेर पडलं तर.

तो वाटा आता एका नळीपायी गेला होता.

निकिताला हे कळलं तेव्हा ती हबकली. तिने आपल्या परीने तोड काढली, की आपण पूर्ण वाटा घ्यावा आणि फ्रीजरमध्ये ठेवून चार रविवार पुरवावा. कुसाबाईंच्या मते देवाचं मटण फ्रीजरमध्ये ठेवायचं म्हणजे म्हसोबालाच थंडीत बसवायचं. मग त्या चहा ठेवायला उठल्या.

आखाडाचा दिवस उजाडला. मळ्यात लिंबाखाली पुरुषांचा कारभार, हाकेच्या अंतरावर बायकांच्या चुली. पळसाच्या पानांच्या मोठ्या पत्रावळ्या मांडून नानांनी दहा वाटे घातले. त्यांचा हात वजनकाट्यासारखा. मांडीचा तुकडा, बरगडी, काळीज, चरबी, सगळं प्रत्येक पानावर सारखं. तरीही कोणाला वाटू नये की चांगलं पान आपल्या माणसाला दिलं, म्हणून एकाला पाठ करून उभं करतात. नाना एका पानावर बोट ठेवतात आणि विचारतात, हा कोणाचा? पाठमोऱ्याने न बघता घराचं नाव घ्यायचं. दर वर्षी त्याच्यावरूनही कुरबुर व्हायची. पाठमोरा खाकरण्याची खूण घेतो, असा एकमेकांवर संशय.

यंदा नानांनी ती कटकटच मिटवली. ज्याला खायचंच नाही, त्याच्याइतका सरळ माणूस कुठला? त्यांनी महेशला उभं केलं. महाराज, करा पाठ.

कुसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. हात परातीत, कान लिंबाखाली.

हा कोणाचा, असं नाना विचारत गेले आणि महेश एकेक नाव घेत गेला. प्रत्येक नावाबरोबर एक माणूस पुढे येऊन आपलं पान उचलून बाजूला ठेवायचा. कुसाबाई मनात मोजत होत्या. एवढी वर्षं त्या ही नावं ऐकत होत्या, आणि कुठल्या तरी नावानंतर रंगनाथचं यायचं. आज ते यायचं नव्हतं. नऊ झाली. राहिलं ते केरूनानांचं स्वतःचं पान, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महेशलाही होतं.

"हा कोणाचा?"

महेश म्हणाला, "रंगनाथचा."

ते सवयीने तोंडातून गेलं की त्याने जाऊ दिलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. नाना समजुतीच्या सुरात म्हणाले, की महाराज, तुमचं घर यंदा मोजलेलं नाही. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं, की कुसाबाई पिठाच्या हातांनी पदर सावरत त्यांच्याकडे येत आहेत. वाटे पडताना बायका तिथे येत नसत. येऊ नये असं कोणी म्हटलेलं नव्हतं, पण कोणी आलीही नव्हती.

"नाना, पोरानं माळ घातलेली नाय," कुसाबाई म्हणाल्या. "जावळात जाऊबाईंनी विचारलं तवा माझ्या तोंडात नळी होती. मी मान हलवली. ती खोटी हलली."

मागे कोणीतरी हसू दाबलं. नानांनी महेशच्या गळ्याकडे पाहिलं. महेशने वळून वरचं बटण काढलं. आत बनियनची पट्टी होती, बाकी काही नाही.

नानांचा चेहरा उतरला. रागापेक्षा ते वाईट होतं. त्यांनी महेशला विचारलं, की मग त्या पट्टीवर का बसलास? महेश म्हणाला, की खातो मी, पण आता महिन्यातून एकदाच. त्या महिन्याचं आधीच खाऊन झालं होतं.

"डॉक्टरनं सांगितलंय?"

"नाही, नाना."

"नवस हाय काही?"

"नाही."

"मग कमी कशापायी? घरात काय कमी हाय का?"

महेशने चुलींकडे पाहिलं. निकिता पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. ती पुढे आली असती तर पाण्याचे, मक्याचे, हवेचे आकडे बोलली असती, आणि लिंबाखालच्या एकालाही त्यातलं काही ऐकू गेलं नसतं. हे ओळखून कुसाबाईच बोलल्या.

"मार्चात गारा पडल्या, त्या कोणत्या डॉक्टरनं सांगितल्या होत्या नाना? आपण म्हणतो हवा बिघडली. बिघडवण्यात आपल्या ताटाचाबी वाटा हाय, असं ही पोरगी म्हणते. मला समदं पटलंय असं नाय. पण बुधवारची कोंबडी बंद झाली आन् मला तिची आठवणबी आली नाय. जिची आठवण येत नाय, ती खात कशाला होते मी?"

बुधवार सगळ्यांच्याच घरी होता.

नाना पानांकडे बघत म्हणाले, "मंग वाटा कशाला मागता? सोडला की सुटला."

"मटण मागत नाय. घराचा वाटा मागते. पुरा नको, अर्धा द्या."

"अर्धा वाटा भावकीत नसतो, कुसाबाई. अर्धं घर कुठं…"

नाना तिथेच थांबले. हे वाक्य आपण पूर्वी कुठे, कोणासाठी बोललो होतो, ते त्यांना मध्येच आठवलं असावं. कुसाबाईंनी ते पुरं केलं नाही. त्या वाट बघत उभ्या राहिल्या. माणसाला त्याचं जुनं वाक्य आपण आठवून दिलं तर तो चिडतो, त्याचं त्यालाच आठवलं तर तो वळतो, एवढं त्या ओळखून होत्या.

नानांनी बाजूला नेलेली सगळी पानं परत आणायला लावली. कोणी कुरकुरलं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दहाही वाटे एका ताडपत्रीवर ओतले, हाताने एक केले, आणि पुन्हा घालायला बसले. दहाचे अकरा झाले. प्रत्येक पानातून मूठभर गेलं असेल. पण कोणाच्या पानातून किती गेलं, ते कोणालाच सांगता आलं नाही, आणि पानंही तेवढीच भरलेली दिसत होती.

"कर पाठ," नाना म्हणाले. महाराज म्हणाले नाहीत.

महेश पुन्हा पाठमोरा झाला. नावं पुन्हा आली, क्रम वेगळा. पाच-सहा झाली असतील.

"हा कोणाचा?"

"कुसाबाईचा," महेश म्हणाला.

नानांचं बोट पानावर क्षणभर थांबलं. अकरा घरांत बाईच्या नावाने वाटा कधी निघाला नव्हता. मग ते पुढच्या पानाकडे सरकले आणि विचारलं, हा कोणाचा?

कुसाबाई आपलं पान दोन्ही हातांत धरून चुलीपाशी आल्या. देवाचं पातेलं रटरटत होतं. त्यांनी पान कडेला टेकवलं, निम्मं मटण मोजून एका बाजूला सारलं आणि पातेल्यात सोडून दिलं. रस्सा काठापर्यंत चढला.

मालनबाई रस्सा ढवळायची डावल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, की हे काय गं?

"घेताना अर्धं मिळत नाय, जाऊबाई. घालताना कोण अडवतंय?"

मालनबाईंनी डावल पातेल्यात फिरवली. जावळातली बातमी आपणच पसरवली होती हे त्यांना आठवत असावं, कारण त्या एरवीपेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वेळी तुला काही विचारायचं झालं तर आधी तुझं तोंड रिकामं आहे का बघीन.

निकिता मात्र गप्प बसेना. ती सासूच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तुम्ही बोललात ते छानच. पण बोकड तर तेवढंच कापलं गेलं. यातून काहीच कमी झालं नाही."

"तुझं शिक्षण द्राक्षाचं," कुसाबाई भाकरी उलटत म्हणाल्या. "मी केरूनाना शिकलेय. थांब जरा."

दुपारी पंगत बसली. या वेळी एकच पट्टी होती आणि महेश तिच्यावर बसला. त्याच्या ताटात दोन फोडी आणि वाटी भरून रस्सा. शेजारच्याने आणखी वाढ म्हटलं, तर तो नको म्हणाला. हा नको म्हणणारा माणूस ना माळकरी, ना आजारी, म्हणून दोघातिघांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. पण जेवता जेवता माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे किती वेळ बघणार?

शेवटची पंगत बसली तरी पातेलं संपेना. देवाच्या पातेल्यातलं घरी न्यायचं नाही, असा नेम. नानांनी दोघांना पुन्हा बसवलं. मग बागेत कामाला राहणाऱ्या सुरगाण्याच्या सोमाला आणि पुतळाबाईला हाक मारली, ती दोघं जेवली, तरी तळाशी होतंच. नाना हात पुसत आले आणि पातेल्यात डोकावून उभे राहिले. आपण घेतलेलं बोकड, आपण घातलेले वाटे, आणि हे उरलेलं, याचा मेळ ते मनात बसवत होते. खर्चिक बाजार त्यांना कधी सहन झाला नव्हता.

"औंदा बोकड जरा मोठंच घेतलं गेलं, नाय?" ते कुसाबाईंना म्हणाले. "पुढच्या वर्षी बारकं बघतो. काय?"

कुसाबाई शेवटच्या पंगतीला बसल्या होत्या. त्यांच्या तोंडात नळी होती. त्यांनी मान हलवली.